खिडकी कोणाची घ्यावी ?

‘घर पाहावें बांधून’ अशी म्हण आपणांकडे आहे. परंतु जुनें घर दुरुस्त करण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांस ती अपुरी वाटल्यावांचून राहणार नाहीं. नवें घर बांधतांना बहुतेक गोष्टी आपल्या हातीं असतात. जुन्या घरांत मात्र भिंती, उंबरे, कोनाडे आणि वडील माणसें हीं सर्व अगोदरच आपापल्या जागीं ठाम बसलेलीं असतात, व प्रत्येकास कांहींतरी सांगावयाचें असतें. गेल्या वर्षीं केदारखेड्याच्या आमच्या वडिलोपार्जित वाड्याची दुरुस्ती निघाली, तेव्हां छप्पर, मोरी व विजेच्या तारा यांविषयीं फारसा वाद झाला नाहीं. वाद झाला तो खिडक्यांवरून. आणि तोही इतका, कीं दोन भावांनीं आठ दिवस एकमेकांशीं दूरध्वनीवर बोलणें टाकलें. प्रश्न साधाच होता : नव्या खिडक्या कोणत्या कंपनीच्या घ्यावयाच्या ? हा प्रश्न आज घरोघर विचारला जात असल्यामुळें, त्याचा उलगडा आम्हांस कसा झाला तें वाचकांपुढें मांडावेंसें वाटतें.

केदारखेडा हें गांव जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत, जालन्याहून राजूरच्या गणपतीवरून भोकरदनास जाणाऱ्या रस्त्यावर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. जालना हा निराळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं. आमचा वाडा निजामी अमदानींतला. भिंती दगडमातीच्या, दीड हात रुंद, वर माळवद. माजघरांत उजेड यावयाचा तो माळवदांतील साण्यांतून, आणि वारा यावयाचा तो सहा लहान खिडक्यांतून. या सहाही खिडक्या सागवानी. त्यांस कांच नव्हतीच. बाहेरून लोखंडी गज आणि आंतून दोन झडपा, एवढेंच. पावसाची झड आली कीं झडपा लावून भर दुपारीं दिवा लावावयाचा, असा शिरस्ता. काळ्या जमिनीचा गुण असा, कीं ती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावरील जुन्या भिंतीही थोड्याफार हलतात. त्यामुळें चौकटी तिरक्या झाल्या होत्या, झडपा अडकत होत्या, बिजागऱ्या झिजल्या होत्या. कांहींतरी करणें भागच होतें.

थोरले बंधू गांवींच असतात. शेती व घर तेच पाहतात. त्यांचें म्हणणें असें, कीं जालन्याहून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणाव्या. चार दिवसांत काम होईल आणि पैसाही थोडा लागेल. धाकटे पुण्यास असतात. त्यांनीं आपल्या सदनिकेंत एका नामांकित कंपनीच्या यूपीव्हीसीच्या खिडक्या बसविल्या आहेत. आयुष्यांत एकदांच करावयाचें काम, तेव्हां नांव पाहून करावें. पश्चिमेची भिंत फोडून मोठी दुहेरी कांचेची खिडकी घ्यावी, म्हणजे आईस उजेडही मिळेल आणि उन्हाचा त्रासही होणार नाहीं, असें त्यांचें मत. ज्यांस त्या घरांत राहावयाचें त्या ती. मातोश्रींनीं एवढेंच सांगितलें : “काय करायचें तें करा, पण माजघराच्या पश्चिमेच्या खिडकीला हात लावूं नका.”

आम्ही मधले, तेव्हां दोघांचींही दरपत्रकें निवाड्यासाठीं आमच्याकडे आलीं. मातोश्रींचें बोलणें म्हणजे म्हाताऱ्या माणसाची जुन्या वस्तूवरील माया, असेंच आम्हीं त्या वेळीं समजलों. तें आमचें चुकलें.

त्याच सुमारास आम्ही त्या भागांतील एका आप्तांकडे गेलों. त्यांनीं दोन वर्षांपूर्वीं घर नवें करतांना पश्चिमेची भिंत फोडून आठ फूट रुंदीची सरकती खिडकी बसविली होती. माल उत्तम, खिडकी करंगळीनें सरकते, आणि बंद केली कीं रस्त्यावरचा आवाज निम्मा होतो. परंतु वैशाखांत दुपारीं तीनपासून दिवस मावळेपर्यंत त्या खोलींत ऊन नुसतें ओततें. प्रथम पडदे लावले, मग त्यांच्यामागें जाड चादर, आणि शेवटीं बाहेरून शेतांतली हिरवी शेडनेट बांधली. इतकें होईपर्यंत घरांतील आजी त्याच खोलींत घेरी येऊन पडल्या, आणि दोन दिवस त्यांस दवाखान्यांत सलाइन द्यावें लागलें. आतां त्यांची खाट बोळांत असते. ज्यांच्यासाठीं खिडकी घेतली त्यांनाच तिच्यापुढून उठावें लागलें. यांत कंपनीचा दोष काडीचाही नव्हता. तिनें कांच विकली, आणि कांचेनें कांचेचा धर्म पाळला.

परत येतांना आमच्या मनानें घेतलें, कीं ‘कोणाची’ हा प्रश्न आपण फार लवकर विचारीत आहों. त्याच्या अगोदर विचारावयाचे प्रश्न निराळेच आहेत.

आधीं भिंत, मग खिडकी

कांचेचा धर्म असा, कीं सूर्यप्रकाश तिच्यांतून सहज आंत येतो. त्यानें आंतील वस्तु तापतात. पण त्या तापलेल्या वस्तूंची उष्णता तितक्या सहज बाहेर जात नाहीं. सहा मिलिमीटर जाडीची साधी कांच तिच्यावर पडणाऱ्या सूर्याच्या उष्णतेपैकीं सुमारें ८० टक्के आंत येऊं देते. साधी दुहेरी कांच घेतली तरी हें प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास राहतें. दुहेरी कांच निरुपयोगी आहे असें नव्हे. बाहेरच्या तापलेल्या हवेंतून आंत झिरपणारी उष्णता ती निम्म्यावर आणते. परंतु हवेची उष्णता निराळी आणि उन्हाची तिरीप निराळी. दुहेरी कांच पहिली अडविते, दुसरी नव्हे. तिरीप परतविणारा विशेष लेप दिलेली कांच मिळते. तथापि, जें ऊन कांचेपर्यंत पोंचलेंच नाहीं तें अडविण्याचा खर्चही करावा लागत नाहीं.

ऊन कांचेपर्यंत पोंचूं द्यावयाचें नसेल तर दिशा पाहिली पाहिजे. केदारखेडा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें २० अंशांवर आहे. येथें भर उन्हाळ्यांत मध्यान्हीं सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो; म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला कीं तेवढ्यानें सावली पडते. २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे सुमारें ४६ अंशांवर उतरतो, आणि तेंच ऊन छज्जाखालून खोलींत येतें. म्हणजे हवें तेव्हां ऊन, नको तेव्हां सावली. पश्चिमेची गोष्ट अगदीं उलटी. दुपारीं चार-पांचच्या सुमारास सूर्य समोरून येतो, आणि समोरून येणाऱ्यास वरचा छज्जा काय अडविणार ? तेथें झाड, ओसरी, किंवा बाहेरून लावावयाच्या झडपा, हाच उपाय. कांच कितीही मोलाची असली तरी तिला हें काम सर्वस्वीं करतां येत नाहीं.

आतां मातोश्रींच्या खिडकीकडे पाहा. सकाळीं नऊच्या सुमारास झडपा लावावयाच्या, आणि दिवेलागणीस उघडावयाच्या. रात्रभर गजांतून वारा येऊं द्यावयाचा, म्हणजे दीड हाताच्या भिंती गार होतात आणि दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत तो गारवा सांठवून ठेवतात. साठ वर्षें त्या हा नेम पाळीत आल्या. त्यांनीं अंश मोजले नाहींत कीं टक्के काढले नाहींत. परंतु त्या खिडकीचें शास्त्र आम्हां तिघां शिकलेल्या मुलांपेक्षां त्यांसच अधिक कळलें होतें.

उघडणार किती ?

दुसरा प्रश्न, खिडकी उघडते किती. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनें २०१८ सालीं राहत्या घरांसाठीं ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध केली. उष्ण व कोरड्या प्रदेशांत घराच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान १० टक्के इतकी जागा वाऱ्यासाठीं प्रत्यक्ष उघडी होणारी असावी, असा तींत नियम आहे. येथें ‘उघडी होणारी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दोन झडपांची सरकती खिडकी, जिला दुकानदार ‘टू-ट्रॅक’ म्हणतात, ती पूर्ण सरकविली तरी अर्धीच उघडते. तीन रुळांची दोनतृतीयांश उघडते. बिजागरीवर फिरणारी, म्हणजे दुकानाच्या भाषेंतील ‘ओपनेबल’, ती सुमारें ९० टक्के उघडते.

दहा फूट बाय बारा फूट अशी खोली घेऊं. तिचें क्षेत्रफळ १२० चौरस फूट. तेव्हां १२ चौरस फूट उघडी जागा पाहिजे. चार फूट बाय चार फुटांची खिडकी १६ चौरस फुटांची. ती सरकती असेल तर ८ चौरस फूट उघडते, म्हणजे खोली नियमास कमी पडते. बिजागरीची असेल तर सुमारें १४ चौरस फूट उघडते, म्हणजे खोली नियमांत बसते. भोक तेंच, भिंत तीच, कदाचित् कंपनीही तीच; फरक केवळ उघडण्याच्या रीतीचा.

याचा अर्थ सरकती खिडकी टाकाऊ असा नव्हे. जेथें झडप आंत उघडली तर नळास किंवा ओट्यावरील डब्यांस लागते, आणि बाहेर उघडली तर बोळांतून जाणाऱ्याच्या कपाळास लागते, तेथें सरकतीच बरी. मात्र तिच्या खालच्या रुळांत आपल्याकडील धूळ बसते, व तिच्या कडांना सांध बंद करण्यासाठीं केसाळ पट्टी असते. बिजागरीच्या खिडकीस रबराची पट्टी असून ती दाबून बसते. म्हणून धूळ आणि आवाज अडविण्यांत दुसरी सरस ठरते. गज आणि मच्छरजाळी यांचा विचारही याच वेळीं करावा. ज्या खिडकीस गज नाहींत ती चोरांच्या भयानें रात्रीं उघडतां येत नाहीं. जिला जाळी नाहीं ती डासांच्या भयानें उघडतां येत नाहीं. आणि आपल्या प्रदेशांत घर गार होतें तें रात्रींच.

लांकूड, अ‍ॅल्युमिनियम कीं यूपीव्हीसी ?

यूपीव्हीसी म्हणजे मऊपणा आणणारीं द्रव्यें न घातलेलें कडक प्लास्टिक. उष्णता वाहून नेण्याची त्याची शक्ति अ‍ॅल्युमिनियमच्या एक-हजारांशाहूनही कमी असते. त्यास वाळवी लागत नाहीं, गंज चढत नाहीं, रंग द्यावा लागत नाहीं. परंतु उन्हांत तें अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट वाढतें. दीड मीटर लांबीच्या पट्टीचें तापमान ४० अंशांनीं चढलें तर अ‍ॅल्युमिनियम सुमारें दीड मिलिमीटर वाढेल, यूपीव्हीसी सुमारें चार. म्हणून भिंत व चौकट यांच्यामध्यें फट ठेवून ती लवचीक द्रव्यानें भरावयाची असते. सिमेंटानें चौकट जखडली तर ती वांकते. या पट्ट्यांच्या पोकळींत जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी सळई आहे कीं नाहीं, हें विचारावें. पट्टीची बाहेरची भिंत किती जाड आहे, तेंही विचारावें : युरोपीय मानक ईएन १२६०८ प्रमाणें ‘ए’ वर्गांत ती निदान २.८ मिलिमीटर व ‘बी’ वर्गांत २.५ मिलिमीटर असते. त्याच मानकांत कडक उन्हाच्या प्रदेशांसाठीं ‘एस’ अशी निराळी खूण आहे. मराठवाड्यांत ती खूण असलेलाच माल मागावा, आणि शक्यतों पांढरा. गडद रंगाची पट्टी अधिक तापते.

अ‍ॅल्युमिनियम बळकट, बारीक पट्टींतही तें मोठी कांच पेलतें, आणि वाकत नाहीं. पण त्यांतही पातळ आणि जाड सेक्शन असे दोन प्रकार असतात, व स्वस्त दरपत्रकाचें रहस्य बहुधा तेथेंच असतें. नमुन्याचा तुकडा हातीं घेऊन त्याची जाडी मोजावी. चौकटीच्या आंतल्या व बाहेरच्या अंगांमध्यें उष्णता अडविणारी पट्टी घातलेलें अ‍ॅल्युमिनियमही मिळतें. तें महाग असतें, आणि वातानुकूलित खोलीवांचून त्याचें चीज होत नाहीं.

सागवानाची कथा निराळी. उष्णता अडविण्यांत लांकूड यूपीव्हीसीच्या तोडीचें आहे. जुन्या सागाच्या गाभ्यास वाळवी सहसा शिवत नाहीं. आणि मुख्य म्हणजे त्याची दुरुस्ती गांवचा सुतार करूं शकतो. खालची कुजलेली पट्टी तेवढी बदलतां येते, बिजागरी नवी घालतां येते, अळशीचें तेल पाजून झडप पुन्हां तीस वर्षें चालवितां येते. नव्या काळच्या खिडकींतलें एखादें चाक तुटलें, आणि तो नमुना कंपनीनें बंद केला असला, तर सबंध झडपच निरुपयोगी होते. जुनी सागवानी चौकट काढून भंगाराच्या भावानें देणाऱ्यांस आम्ही एवढेंच सांगूं, कीं तिच्या जागीं तसाच साग आज घ्यावयाचा झाल्यास काय पडेल, तें एकदां लांकडाच्या वखारींत विचारावें आणि मगच द्यावी.

नांवें तीन, आणि चौथें बिननांवाचें

आतां नांवांकडे वळूं. एका खिडकींत तीन नांवें असतात. पहिलें चौकटीच्या पट्टीचें, जिला धंद्यांत ‘प्रोफाइल’ म्हणतात. व्हेका, रेहाऊ, कोमर्लिंग हीं मूळ जर्मन घराणीं यूपीव्हीसीच्या प्रोफाइलांसाठीं प्रसिद्ध आहेत. जिंदाल हें नांव अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनांवर आढळतें. दुसरें नांव कांचेचें : फ्रान्समध्यें १६६५ सालीं स्थापन झालेल्या सेंट-गोबेनचें, किंवा आपल्याकडील असाही इंडियाचें. तिसरें नांव बिजागरी, मूठ, चाकें व कड्या यांचें. त्यांत रोटो आणि सिजेनिया यांचा बोलबाला आहे. कांहीं कंपन्या हीं सर्व जुळवून तयार खिडकी देतात : डीसीएम श्रीरामची फेनेस्टा यूपीव्हीसींत, हिंदाल्कोची एटर्निया आणि जपानच्या लिक्सिलची टोस्टेम अ‍ॅल्युमिनियमांत.

पण यांहून महत्त्वाचा असा चौथा मनुष्य आहे, आणि त्याचें नांव जाहिरातींत नसतें. तो म्हणजे पट्ट्या कापून जोडणारा व भिंतींत बसविणारा कारागीर. तयार खिडकी देणाऱ्या कंपनींत हें काम तिच्या देखरेखीखालीं होतें. प्रोफाइल विकणाऱ्या कंपनीच्या बाबतींत तें स्थानिक जुळणी करणाऱ्याच्या हातीं असतें. एकाच जर्मन प्रोफाइलाची एक खिडकी वीस वर्षें टिकते, आणि दुसरी पहिल्याच पावसांत गळते, याचें कारण बहुधा हा चौथा मनुष्य असतो. म्हणून मोठ्या शहरांत ‘कोणती कंपनी’ असें विचारलें तर चालेल; केदारखेड्यासारख्या गांवीं मात्र ‘मूठ तुटली तर कोण येणार, किती दिवसांत, आणि कोठून’ हें आधीं विचारलें पाहिजे. ज्या कंपनीचा मनुष्य गांवापर्यंत येत नाहीं, तिचें नांव कितीही मोठें असलें तरी आपल्या उपयोगाचें नाहीं.

दरपत्रक वाचावें कसें ?

दोन्ही बंधूंचीं दरपत्रकें शेजारीं ठेवलीं तेव्हां आमच्या ध्यानीं आलें, कीं त्यांची तुलना होऊंच शकत नाहीं. एकांत कांच पांच मिलिमीटरची आणि साधी. दुसऱ्यांत दुहेरी आणि कडक केलेली. एकांत जाळी धरली होती, दुसऱ्यांत नव्हती. एकांत वाहतूक आणि बसविणें निराळें, जीएसटी निराळा. दुसऱ्यांत सर्व मिळून एकच आंकडा. तेव्हां आम्हीं एका कागदावर सहाही खिडक्यांचीं मापें, दिशा, उघडण्याची रीत, कांचेचा प्रकार, जाळी व गज लिहून काढले, आणि तोच कागद चार ठिकाणीं पाठविला. उत्तरें आलीं तीं सर्व खर्चांसह प्रति चौरस फूट किती, असें करून मांडलीं. जें दरपत्रक प्रथम सर्वांत स्वस्त दिसलें होतें, तें या मांडणींत तिसरें लागलें.

कांचेविषयीं एक सूचना. जेथें मुलें धडकण्याचा संभव असेल, किंवा कांच कंबरेच्या खालपर्यंत येत असेल, तेथें तापवून कडक केलेली कांच घ्यावी. ती साध्या कांचेच्या चौपट-पांचपट बळकट असते, आणि फुटली तरी तिचे बोथट दाणे होतात. मात्र कडक केल्यावर ती कापतां येत नाहीं. म्हणून मापांत चूक झाली तर कांच फुकट जाते. अशा कांचेवर भारतीय मानक २५५३ ची खूण असते, ती पाहावी. जुन्या भिंतीचें माप घेतांना रुंदी वर, मध्यें व खालीं अशी तीनदां मोजावी, उंचीही तशीच, आणि दोन्ही कर्ण मोजावे. कर्ण सारखे नसतील तर भोक तिरकें आहे असें समजावें. आमच्या सहांपैकीं चार भोकें तिरकीं निघालीं.

आम्हीं काय केलें

शेवटीं सहा खिडक्यांसाठीं एकच कंपनी निवडण्याचा हट्ट आम्हीं सोडला. माजघराच्या पश्चिमेच्या दोन्ही खिडक्या सागाच्याच ठेवल्या. गांवच्या सुताराकडून त्यांच्या खालच्या पट्ट्या बदलल्या, आंतल्या झडपांत उजेडासाठीं लहानसें तावदान बसविलें, आणि गजांच्या बाहेरून आडव्या तिरप्या पट्ट्यांच्या झडपा, ज्यांस झिलमिल म्हणत असत, त्या नव्या करून घेतल्या. त्यांतून वारा येतो, ऊन येत नाहीं. दक्षिणेच्या दोन खोल्यांस पांढऱ्या यूपीव्हीसीच्या, बिजागरीच्या, एकेरी कडक कांचेच्या खिडक्या. वर छज्जा, आंतून गज आणि जाळी. स्वयंपाकघरांत ओट्यामुळें अ‍ॅल्युमिनियमची सरकती. उत्तरेच्या खोलींत थोरल्या बंधूंचे चिरंजीव संगणकावर काम करतात. ती रस्त्याच्या बाजूस असून तिच्यांत वातानुकूलन यंत्र आहे. तेथें, आणि केवळ तेथेंच, दुहेरी कांच घेतली. धाकट्या बंधूंनीं सुचविलेलें नांव या एका खिडकीस आलें. थोरल्यांचें अ‍ॅल्युमिनियम स्वयंपाकघरांत आलें. दोघांचाही मान राहिला, आणि एकूण खर्च धाकट्यांच्या मूळ दरपत्रकाहून बराच कमी झाला.

चूक झालीच नाहीं असें मात्र नव्हे. बसविणाऱ्यास पैसे देतांना शेवटचे दहा टक्के पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवावयाचे, अशी अट थोरल्या बंधूंनीं घातली होती. आम्हांस ती तेव्हां कोतेपणाची वाटली. मृगाच्या दुसऱ्याच सरींत दक्षिणेची एक खिडकी गळूं लागली, आणि रात्रींतून अंथरुणें भिजलीं. पाहतों तों चौकटीच्या खालच्या अंगास पाणी बाहेर जाण्यासाठीं जीं लहान भोकें ठेवलेलीं असतात, तीं गिलाव्याच्या चुन्यानें बुजलेलीं होतीं. कारागीर दुसऱ्या दिवशीं सकाळीं आला, अर्ध्या तासांत भोकें मोकळीं केलीं, बाहेरच्या पाटास उतार दिला, आणि आपले पैसे घेऊन गेला. दहा टक्के राखले नसते तर तो किती दिवसांनीं आला असता, याचा तर्क वाचकांनींच करावा. हीं भोकें दर पावसाळ्यापूर्वीं काडीनें साफ करावीं, ही लहानशी गोष्ट कोणतीही जाहिरात सांगत नाहीं.

यंदाच्या वैशाखांत आम्ही तिघेही भाऊ केदारखेड्यास होतों. दुपारीं वीज गेली, तेव्हां यंत्राची खोली सोडून सगळे माजघरांत आले. झिलमिलीच्या पट्ट्यांतून उजेडाच्या बारीक रेघा जमिनीवर पडल्या होत्या, आणि मातोश्री खिडकीखालीं सतरंजीवर स्वस्थ झोंपल्या होत्या. धाकट्या बंधूंनीं भिंतीस हात लावून पाहिला. ती गार होती. त्यांनीं कांहीं म्हटलें नाहीं, पण पुण्यास परततांना त्या झिलमिलीचें माप मात्र लिहून नेलें. त्यांच्या सदनिकेचा सज्जा पश्चिमेसच आहे.

तेव्हां ज्यांच्या घरीं खिडक्या बदलावयाच्या आहेत त्यांस आमचें सांगणें एवढेंच. कंपन्यांचीं चोपडीं उघडण्यापूर्वीं एक दिवस घरांत बसून प्रत्येक भिंतीवर ऊन केव्हां येतें आणि वारा कोठून येतो, तें पाहावें. मग उघडण्याची रीत ठरवावी, मग चौकट, मग कांच. त्यानंतर हांकेला येणारा कारागीर शोधावा. आणि सर्वांत शेवटीं नांव. आणि या सर्वांच्याही आधीं, त्या खिडकीशीं ज्यांचा जन्म गेला त्यांस विचारावें. त्यांच्या उत्तरांत आंकडे नसतील. परंतु आंकड्यांचा ताळा बहुधा त्याच उत्तराशीं जुळतो, असा आमचा अनुभव आहे.